पंच क्रमांक दोन

यवतमाळ,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय दीपा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. पाकिटावरचं अक्षर माझं नाही. ते मधुवंती नावाच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीचं आहे. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच रद्दीत टाकशील याची भीती वाटली. म्हणजे पत्र सुरू व्हायच्या आधीच एक लबाडी झाली. तुझ्याशी केलेली ही पहिली नाही, शेवटची ठरावी एवढी इच्छा आहे.

तुझा शेवटचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, गेल्या जुलैत आलेला. ‘तू फितूर झालीस का? एवढंच सांग.’ सात महिने झाले. दर रविवारी पेपरच्या पुरवणीत आठशे शब्द लिहून अख्ख्या जिल्ह्याला टोचणारी मी, आमदारापासून नगरपालिकेच्या डुकरांपर्यंत कुणालाही न सोडणारी मी, मला ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांतला एकही लिहिता आला नाही. लिहायचे आणि खोडायचे. तुला तिकडे फोनवर ते तीन ठिपके हलताना दिसत असतील, नाही? मग थांबताना. त्यावरून तू काय समजलीस ते मला कळतं. त्यात तू चूक आहेस असं मी म्हणणार नाही, बरोबर आहेस असंही नाही. सांगते.

क्रमानेच सांगते, कारण आता मला तशी सवय लावली गेली आहे. आमचे सर म्हणतात, नोंद लिहिताना वाचणाऱ्याला काहीएक ठाऊक नाही असं धरून लिहायचं. म्हणून तुला जे पाठ आहे तेही लिहिते, सहन कर. तुझी मुलगी मैत्रेयी, वय चोवीस, वडझरीच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. २०२३च्या ऑगस्टात एका सकाळी ती तिथल्याच दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मृत सापडली. गळा दाबलेला. मुठीत चौकड्याच्या शर्टाचा फाटलेला खिसा. तो शर्ट गावातल्याच एकाचा. चार महिने तिच्या मागे लागलेला होता. त्याचं नाव मी या कागदावर येऊ देणार नाही. पंचनाम्यावर पंच दोन: क्रमांक एक, उकंडा आत्राम, गावचा कोतवाल, अंगठा. क्रमांक दोन, रत्नप्रभा मुळावकर, वरिष्ठ लिपिक, पाटबंधारे, सही. खटला चालला आणि गेल्या जुलैत तो माणूस सुटला. निकालपत्रात त्याला सोडण्याची जी कारणं दिली आहेत, त्यातलं पहिलं मी आहे.

आता ‘आमचे सर’ कोण, हे तू विचारलं नाहीस तरी सांगते. मी शाळेत जाते, दीपा. एक्कावन्नाव्या वर्षी. गेल्या ऑगस्टपासून दर शनिवारी-रविवारी एसटीने यवतमाळला येते आणि टाइल्सच्या दुकानावरच्या मजल्यावर ‘गुन्हे अन्वेषण व न्यायवैद्यक सहायक’ असा सहा महिन्यांचा व्यवसाय अभ्यासक्रम करते. नाव एवढं लांब की फलकावर मावलं नाही, ‘सहायक’ खालच्या शटरवर आलं आहे. वर्गात बावीस पोरं-पोरी आणि मी. पहिल्या दिवशी सगळी उभी राहिली, त्यांना वाटलं तपासणीला कुणी बाई आली. मी मागच्या बाकावर बसले तेव्हा एक जण दुसऱ्याला म्हणाला, ‘अबे, काकू बी अॅडमिशन आहे!’ आमच्या कचेरीत तर मजाच. शिपायापासून साहेबांपर्यंत मला विचारतात, मॅडम, माझा डबा कोणी खाल्ला ते शोधून द्या ना. मी म्हणते, ठसे घ्यावे लागतील, हात पुढे करा. लगेच सगळे कामाला लागतात. इतकं काम त्या कचेरीत वीस वर्षांत झालं नव्हतं.

पोरं आली ती टीव्ही बघून. काळा कोट, काळा चष्मा, भिंगातून बघितलं की खुनी सापडला. सरांनी पहिला महिनाभर त्यांच्या हातात फक्त मोजपट्टी दिली. प्रेमसिंग राठोड त्यांचं नाव. दिग्रसकडचे. तीस वर्षं बोटांच्या ठशांच्या खात्यात काढून निवृत्त झालेले, आणि जिभेला माझ्याइतकीच धार. माझी मोजपट्टी पहिल्या दिवशी भिंतीपासून सुटली तेव्हा म्हणाले, ‘बाईसाहेब, घाई कायची हाय? मेलेला मानूस कुठं पयून चालला?’ पांढरकवड्याचा संघदीप म्हणून एक आहे, वडील ट्रक चालवतात. आम्हाला चिखलातला बुटाचा ठसा प्लास्टर ओतून उचलायला शिकवत होते. आपल्या काळ्या मातीचं तुला माहीत आहे, पाय वर येतो, बूट खालीच राहतो. संघदीप अर्धा तास झटून म्हणाला, ‘सर, हे तं बूटच घेऊन जाऊ ना, ठसा कायले?’ मी किती दिवसांनी हसले. मग आठवलं की हे कुणाला वाचून दाखवायचं नाही.

दर दुसऱ्या रविवारी मैत्रू माझ्याकडे यायची, हे तुला माहीत आहे. तूच सांगितलं होतंस, मैत्रू, प्रभामावशी वीस किलोमीटरवर हाय, मले काळजी नाही. आमच्यात काय चालायचं ते मात्र तिने तुला सांगितलं नसेल. मी माझा लेख आधी तिला वाचून दाखवायचे. ती पलंगावर पाय हलवत पेरू खायची आणि ऐकायची. जिथे हसली नाही तो परिच्छेद मी खोडायचे. एकदा पोलिसांच्या पंचनाम्यावर लिहिलं होतं. ‘प्रेत उताणे स्थितीत, डोके पूर्वेस, पाय पश्चिमेस’, जसं काही मेलेला माणूस दिशा विचारून पडतो. मला तो माझा सगळ्यात विनोदी लेख वाटत होता. ती हसली नाही. म्हणाली, ‘मावशी, हे ज्याच्या घरचं असेल त्यानं वाचलं तं?’ मी तो लेख तसाच छापला. एवढी एकच वेळ तिचं ऐकलं नाही. पत्रं भरभरून आली, लोक पोट धरून हसले म्हणे.

महिला पंच म्हणजे काय, हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही. बाई मेली की पंचनाम्याला बाई लागते. गावातल्या बायका घाबरतात, साक्ष देताना फिरतात. सरकारी नोकर फिरत नाही, असा सरकारचा विश्वास. म्हणून ठाण्यातून कचेरीला पत्र येतं, एक महिला कर्मचारी पाठवा. आमच्या कचेरीत महिला कर्मचारी दोन. त्यातल्या इंदुताईंना रक्तदाब. राहिली मी, जिला ना नवरा ना लेकरं ना रक्तदाब. पहिल्यांदा गेले ते एका विहिरीवर. तीन दिवस पाण्यात राहिलेली बाई होती. मी चार दिवस जेवले नाही आणि महिनाभर विहिरीचं पाणी प्यायले नाही. दुसऱ्यांदा एक जळालेली सून. त्यानंतर मी ठाण्यातल्या जमादाराला सांगितलं, भाऊ, मला नका नेऊ. तो भला माणूस. म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही कायले तरास घेता? मी कागद घेऊन येतो.’ तेव्हापासून तो कागद घेऊन येऊ लागला. मी टेबलावर बसून सही करायचे. कधी भरलेला कागद, कधी अर्धा भरलेला, कधी कोरा. शिपाई दोन चहा आणायचा, एक त्याला, एक मला. अशा नऊ सह्या मी केल्या आहेत. सगळीकडे असंच चालतं, असं मी तेव्हा म्हणत होते, आणि ते खरंही असेल. पण माझ्या नऊचा हिशेब सगळीकडून कुणी मागणार नाही.

वर्गात सरांनी शिकवलेली पहिली गोष्ट कोणती, सांगू? दारात उभं राहायचं. हात मागे बांधायचे. दहा मिनिटं काही करायचं नाही, लिहायचं नाही, बोलायचं नाही, फक्त बघायचं. डावीकडून सुरुवात करायची, खोलीभर नजर फिरवून पुन्हा डावीकडे यायचं. मग जमीन. मग छत. पोरं कंटाळली, एकाने तर जांभई दिली. सर म्हणाले, ‘पंच म्हंजे दोन डोये. सहीले कोन विचारते? सही तं बँकेत बी करते मानूस.’ बावीस पोरांमध्ये मी खाली मान घालून उभी होते. त्यांना वाटलं काकूंचे पाय दुखले. खुर्ची दिली.

आता नेरचा, तुझ्या घरचा दिवस. मैत्रू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचा. पांढऱ्या साड्यांनी घर भरलं होतं, वंदना नुकतीच झाली होती, आणि तू माझा हात धरून मला मागच्या खोलीत नेलंस. दार लावलंस. तुला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. ‘प्रभा, तू आत होतीस ना? कागदावर तुहं नाव हाय. मले तं झाकलेलीच दाखवली. सांग ना, कशी होती माही पोरगी?’ तुझी नखं माझ्या मनगटात रुतली होती, पंधरा दिवस त्यांच्या खुणा होत्या. आणि मी सांगितलं. म्हटलं, शांत होती. डोळे मिटलेले. वेणी जशीच्या तशी. ओढणी नीट अंगावर. तिला काही कळलं नसेल गं, झोपेतच झालं असेल. मी तिच्या कपाळावर हात ठेवला होता, असंही सांगितलं. तू रडली नाहीस. चार दिवसांत पहिल्यांदा तिथेच, गाद्यांच्या ढिगाला टेकून झोपलीस. नंतर तू ते सगळ्यांना सांगायचीस, मी स्वतः ऐकलं आहे: माही प्रभा होती तिच्याजवळ, परकं कोनी नव्हतं. तुझ्या त्या एका वाक्यावर मैत्रूचे बाबा, भीमराजभाऊ, पुन्हा ड्युटीवर जायला लागले.

आणि मग कोर्ट. तू तिसऱ्या बाकावर, निळ्या साडीत. सरकारी वकिलांनी मला सकाळी व्हरांड्यात पंचनाम्याची प्रत दिली, म्हणाले, एकदा नजर घाला. मी पाठच केली. मला लेखनाची सवय, दीड पान म्हणजे काय. आरोपीचा वकील तरुण होता, फार गोड बोलायचा. त्याने कागदावरचं काहीच विचारलं नाही. मॅडम, खोलीचं दार आत उघडतं की बाहेर? खिडकी होती का? भिंतीचा रंग? पलंग होता की खाली अंथरूण? पंखा चालू होता? खिसा कोणत्या मुठीत होता ते तेवढं कागदावर होतं, ‘उजव्या’. ते मी धाडकन सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, छान, आणि उजवा हात भिंतीकडे होता की दाराकडे? मी म्हटलं, आठवत नाही. अकरा वेळा म्हटलं. टंकलेखक बाईनेसुद्धा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या आधी उकंडाने सगळं सांगितलं होतं, दार आत उघडतं, भिंत हिरवी, उजवा हात दाराकडे. पण तो निरक्षर, आणि दुसरी पंच शिकलेली, सरकारी, तिला काहीच आठवत नाही. मग वकील म्हणाला, हा खिसा पोलिसांनी मागाहून मुठीत कोंबला, पंच तिथे नव्हतेच. मी खाली मान घातली. न्यायाधीशांनी लिहून घेतलं.

जिन्यात तू मला गाठलंस. ‘मले तं सांगतलं होतं तू सारं. वेनी, ओढनी. तिथं काहून नाही आठवलं?’ मी म्हटलं, घाबरले. माझ्यासारखी बाई घाबरली, यावर तू कसा विश्वास ठेवणार? तू ठेवला नाहीस. गावात बोलवा उठली की मुळावकरबाईला आरोपीकडून काही पोचलं. ती माझ्या कानावर आली, आणि खरं सांगते, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, असू दे. दीपाने मला विकली गेलेली समजावं. निदान ती खोली, ती वेणी तरी तिच्यापाशी राहील.

गेल्या शनिवारी आमची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. शेजारच्या वसतिगृहाची एक रिकामी खोली, आणि आत कापडाच्या दुकानातून आणलेली एक पुतळी, सलवार-कमीज घातलेली, जमिनीवर टाकलेली. पोरांनी पाहणी करायची, आराखडा काढायचा, ठसे घ्यायचे. पंच लागणार होते. सर म्हणाले, ‘आपल्याकडं खरी सरकारी बाई हाय की. या बाईसाहेब, तुम्ही पंच.’ सगळी पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी दारात उभी राहिले. हात मागे बांधले. दीपा, ती विहीर आणि ती जळालेली सून, त्या दोन वेळांनंतर मी कधी कुठल्या दारातच उभी राहिले नव्हते. दहा मिनिटं बघितलं. दार आत उघडत होतं. डावीकडच्या भिंतीला पोपडे. दारामागे खिळ्याला एक पिशवी. पंखा बंद, एका पात्यावर कोळ्याचं जाळं. पुतळीची एक चप्पल पायात, दुसरी हातभर लांब, उलटी. एक हात अंगाखाली मुडपलेला. केस तोंडावर. प्लास्टिकचे ते डोळे, उघडे. मला कळत होतं की ही पुतळी आहे, उद्या ती परत दुकानात साडी नेसून उभी राहणार आहे. तरी ते केस बाजूला करावेसे वाटले, आणि हात लावायचा नाही हा नियम. मी चार पानं लिहिली. सरांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, ‘एवढं तं मीबी नाही पायलं. आधी कुठं शिकल्या तुम्ही?’ मी जिन्यात जाऊन बसले. वर्गातली मधुवंती पाण्याची बाटली घेऊन आली, शेजारी बसली. सगळ्यात आधी तिला सांगितलं. तिचा चेहरा बघितल्यावर कळलं, तुला सांगणं किती कठीण जाणार आहे.

मी तिथे नव्हते, दीपा. ती सही मी माझ्या टेबलावर केली, कोऱ्या कागदावर, सकाळी साडेअकराला. दीड वाजता तुझा फोन आला, ‘मैत्रूले काहीतरी झालं म्हनते, तू जवळ हायस, जा ना लौकर.’ मी रिक्षाने वडझरीला पोचले तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं आणि खोलीला सील लागलं होतं. सीलवरच्या कागदावर माझी सही होती. मी तिथेच जमादाराला गाठलं, म्हटलं, माझं नाव काढा. तो म्हणाला, ‘मॅडम, आता नाव बदललं तं कागद बाद होते. आरोपी सुटते. तुमच्याच पोरीसाठी म्हनतो.’ मी ऐकलं. तिच्यासाठी गप्प बसते आहे असं स्वतःला सांगत राहिले, दोन वर्षं. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की मी फितूर झाले नाही. फितूर व्हायला आधी साक्षीदार असावं लागतं. वेणी, ओढणी, कपाळावरचा हात, ती सगळी माझी रचना. मला ती कला येते, दर रविवारी पुरवणीत छापून येते.

परवा मी उकंडाकडे गेले. वडझरीच्या टोकाला त्याचं घर आहे, दारात मोहाची फुलं वाळत घालायची चटई गुंडाळून ठेवलेली. मी म्हटलं, उकंडाभाऊ, मला सांगा, तिची आई विचारते आहे. त्याने ती चटई माझ्यासाठी अंथरली. मग त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते, एकही शब्द माझा नाही: ‘म्या पायलं ना, बाई. डोये उघडे होते. केस सुटले होते सारे. मूठ अशी घट्ट होती का डाक्टरनं एक एक बोट सोडवलं. बांगड्या फुटल्या होत्या, घरभर. पोरगी लई झगडली, बाई. झोपेत नाही गेली ते. मी चादर टाकली. डोये बी मीच मिटवले. जमादार म्हने, हात लावू नोको. मी म्हटलं, माह्या नातीले इंजेक्शन देल्लं हिनं, मी लावतो.’ एवढंच. म्हणजे तिच्याजवळ परकं कुणी नव्हतं, हे तुझं वाक्य खोटं नाही. माणूस चुकीचा होता. तुला वेणी हवी होती आणि मी तुला मोकळे केस देते आहे, याची मला जाणीव आहे. पण ती शांतपणे गेली नाही, दीपा. ती लढली, आणि त्याचा खिसा फाडून हातात धरून ठेवला, अशासाठी की नंतर येणाऱ्यांनी तो नीट बघावा.

सरकारने नागपूरला अपील केलं आहे. उद्या, सोमवारी मी तिथल्या सरकारी वकिलांना लेखी देणार आहे की पंच क्रमांक दोन घटनास्थळी नव्हती, तिने कोऱ्या कागदावर सही केली, आणि कोतवालाने सांगितलेला शब्द न् शब्द खरा आहे. त्याने अपील बुडेल की तरेल, वकिलांना सांगता येत नाही. माझी नोकरी जाईल, खोट्या साक्षीबद्दल खटलाही होईल, ते व्हायलाच हवं. हे सगळं तुला पेपरात वाचायला मिळेल, त्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. मसुद्यातून एक गोष्ट वकिलांनी काढायला लावली. म्हणाले, कायद्याच्या दृष्टीने तिचा उपयोग नाही. ती तुझ्याशिवाय कुणाच्या कामाची नाही, म्हणून हा कागद. त्या सकाळी जमादार टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, आज जरा आईकून घ्या, पोरगी बहुतेक तुमच्या ओयखीची...’ आणि मी हात वर करून त्याला थांबवलं. मी म्हटलं, ‘नाव सांगू नका हो जमादार, मला अजून जेवायचं आहे.’ तो हसला. मीही हसले. सही केली. मग मी डबा उघडला आणि जेवले, दीपा, शेवटच्या घासापर्यंत.

तुझीच, खोडायचं असेल तर खोड,
रत्नप्रभा